अर्ज आणि उसासा

डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर, चिंचणी आणि वाढवण यांच्या दरम्यान, वरोर नावाचे गाव आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्या अशा गावात वाऱ्याला जो मान असतो तो देशावरच्या गावात सहसा आढळत नाही. रात्री जमीन निवाली म्हणजे किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहू लागतो तो मतलई वारा, आणि दिवसा जमीन तापली म्हणजे समुद्राकडून आत शिरतो तो खारा. होड्या केवळ शिडावर चालत होत्या त्या काळी मतलईवर बाहेर पडावे आणि खाऱ्यावर परतावे, हा किनाऱ्यावरचा रिवाजच होता, व ज्याला ह्या दोन वाऱ्यांची वेळ साधत नसे त्याला वल्ही मारून हाताला फोड आणण्याखेरीज दुसरा उपाय उरत नसे. आता बोटींना यंत्रे आली. तरीही आभाळाकडे पाहिल्यावाचून बोट सोडणारा तांडेल मिळणे कठीण.

ह्याच तालुक्याच्या पूर्वेकडे, डोंगरपट्टीतील वारली पाड्यांवर, हाच शब्द निराळ्या अर्थाने कानी पडतो. तेथे भगताच्या अंगात दैवताचा संचार झाला म्हणजे त्याला ‘वारे आले’ असे म्हणतात. पुल्लिंगी वारा शिडात भरतो, नपुंसकलिंगी वारे माणसाच्या अंगात भरते. आणि दोन्ही ठिकाणी आपल्या भाषेने एकच गोष्ट मान्य केलेली दिसते, ती ही, की जे येते ते बाहेरून येते, दिसत नाही, आणि बोलावल्याबरोबर येईलच अशी हमी कोणालाही देता येत नाही.

ख्रिस्ती धर्मात ज्याला पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने केलेली प्रार्थना म्हणतात ती मराठी वाचकाला समजावून सांगावयाची तर ह्या दोन्ही वाऱ्यांपासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते. कारण बायबलमधील ज्या मूळ शब्दांसाठी आपण ‘आत्मा’ हा शब्द योजला, ते हिब्रू भाषेतील ‘रुआख’ आणि ग्रीक भाषेतील ‘न्यूमा’ हे दोन्ही शब्द प्रथम वाऱ्याचे आणि श्वासाचे वाचक आहेत, व आत्मा हा त्यांचा अर्थ त्यामागून येतो. योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात येशू ख्रिस्त रात्री भेटीस आलेल्या निकदेम नावाच्या शास्त्र्याशी बोलताना वाऱ्याचाच दाखला देतो, आणि मुळात तेथे वारा व आत्मा यांना शब्द एकच असल्यामुळे त्या वाक्यात जी दुहेरी वीण आहे ती कोणत्याही भाषांतरात शिल्लक राहत नाही. मराठीत तर ती विशेषच हरवते. आपला ‘आत्मा’ गीतेच्या संस्कारात वाढलेला. तो अचल, निर्विकार, साक्षीमात्र. हिब्रूंचा रुआख मात्र स्वस्थ बसणारा नव्हे. तो झाडे हलवतो, समुद्र दुभंगतो, मेंढपाळाला राजा करतो आणि बोलण्याची इच्छा नसलेल्या माणसाला बोलावयास लावतो. भाषांतरकारांना दुसरा शब्द सुचला नाही याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही, परंतु मराठी माणसाला ‘पवित्र आत्मा’ हे पद ऐकून एक तर वेदान्त आठवतो, नाही तर भूतखेत, आणि दोन्ही ठिकाणी त्याची गाडी भलत्याच रुळावर जाते, हे कबूल करावयास हवे.

आता प्रार्थनेकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांची प्रार्थना म्हणजे एक अर्ज असतो, मग आपला धर्म कोणताही असो. मामलेदार कचेरीत द्यावयाच्या अर्जाप्रमाणेच तिला मायना असतो, अर्जदाराच्या दीनतेचे वर्णन असते, मागणीचा मजकूर असतो, आणि मागणी मंजूर झाल्यास काय अर्पण करू याची गर्भित कबुलीही असते. त्यात हीन असे काही नाही. येशूने आपल्या शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही रोजच्या भाकरीची मागणी आहेच. अडचण येते ती आपल्याला नेमके काय मागावे हेच जेव्हा उमगत नाही तेव्हा. आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या मुलाने त्याचे आयुष्य मागावे की सुटका मागावी? अशा वेळी अर्जाचा कागद पुढे असतो, लेखणी हाती असते, आणि मजकूर सुचत नाही.

डहाणूसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कचेरीच्या आवारात अर्जनवीस बसत असत. डोंगरातून दहा कोस चालत आलेला, अक्षरशत्रू असलेला, जमीनदाराचे आणि सावकाराचे कर्ज डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस त्यांच्यापुढे उकिडवा बसे, अर्धे बोले, अर्धे गिळे. आणि अर्जनवीस त्या तुटक बोलण्याचे सरकारी भाषेत रूपांतर करी. ह्या रूपांतरात त्याचे दुःख कितपत उरत असे हा प्रश्नच आहे. १९४५ साली तलासरीजवळ झरी येथे वारली जमले आणि वेठबिगारीला त्यांनी उघड नकार दिला, तोपर्यंत त्यांच्या कण्हण्याला खऱ्या अर्थाने अर्जाचे रूप देणारा कोणी भेटला नव्हता असेच म्हणावे लागेल.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातील विचार किती विलक्षण आहे हे लक्षात येते. पौल म्हणतो त्याचा आशय असा : काय मागावे हे आपल्याला कळत नाही ही आपली दुर्बलताच, पण त्या दुर्बलतेतच आत्मा आपल्या साहाय्यास येतो आणि ज्याला शब्द सापडत नाहीत अशा कण्हण्याने आपल्यासाठी रदबदली करतो. अर्जनवीस कण्हण्याचे शब्द करतो. पौलाचा आत्मा कण्हणे कण्हणे म्हणूनच दाखल करून घेतो. ज्याच्या दरबारात ते जावयाचे तो अंतःकरणे वाचणारा असल्यामुळे तेथे मजकुराची शुद्धाशुद्धता पाहिली जात नाही. योहानाच्या शुभवर्तमानात ह्याच आत्म्याला एक ग्रीक संज्ञा दिलेली आहे, तिचा मूळ अर्थ ‘बाजूला उभे राहण्यासाठी बोलावलेला’ असा असून न्यायालयात पक्षकाराची बाजू घेणाऱ्याला ती लावली जात असे. मराठी बायबलकारांनी तिच्यासाठी ‘कैवारी’ हा शब्द वापरला, आणि माझ्या मते त्यांच्या हातून झालेल्या सर्वोत्तम शब्दयोजनांत त्याची गणना व्हावी. वकिलाला फी द्यावी लागते, कैवारी आपण होऊन येतो.

त्याच पत्रात, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातही, पौल सांगतो की आत्मा माणसाच्या मुखातून जो उद्गार काढवितो तो ‘अब्बा’ हा. अरामी भाषेत घरातली मुले बापाला ह्याच नावाने हाक मारीत. ज्या महाराष्ट्रात घरोघरी ‘आबा’ आहेत तेथे ह्या शब्दावर टीप लिहिण्याची गरज पडू नये. आत्म्याच्या प्रेरणेने होणाऱ्या प्रार्थनेचे सार ख्रिस्ती परंपरेने येथे पाहिले आहे : अर्जदाराचे मूल होणे. मूल बापाजवळ अर्ज घेऊन जात नाही. ते जाऊन बिलगते, रडते, आणि पुष्कळदा काय हवे ते सांगावयाचे विसरूनही जाते.

परंतु येथेच सुज्ञ वाचक विचारील की, हे बाहेरून येणारे वारे आणि भगताच्या अंगातले वारे यांत अंतर काय? प्रश्न उद्धट नाही. तो पहिल्या शतकातच विचारला गेला होता. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्यांवर आत्मा उतरला तेव्हा पाहणाऱ्यांपैकी काहींनी ही मंडळी प्यायली आहेत असा निष्कर्ष काढला. करिंथ शहरातील मंडळीत तर अनोळखी भाषांत बोलणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की पौलाला चक्क नियमावली लिहून धाडावी लागली : बोलणारे दोघे, फार तर तिघे असावेत, त्यांनी पाळीपाळीने बोलावे, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर गप्प राहून मनातल्या मनात देवाशी बोलावे. स्वतः त्या भाषांत बोलणारा हा मनुष्य मंडळीत समजणाऱ्या पाच शब्दांचे मोल न समजणाऱ्या दहा हजारांहून अधिक ठरवितो, आणि आत्म्याने प्रार्थना करीन तशी बुद्धीनेही करीन असा स्वतःपुरता ठराव करतो. अंगात वारे आलेल्याला आपण काय बोललो ते पुष्कळदा मागाहून आठवत नाही. पौलाच्या मते आत्म्याने भरलेल्या माणसाचा स्वतःवरील ताबा सुटता कामा नये. हा भेद कागदावर स्पष्ट आहे. प्रत्यक्षात तो किती अवघड होतो हे पाहावयाचे तर पुणे जिल्ह्यातील केडगावला जावे लागते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकाला परिचित आहे. निदान त्यातील वादांपुरते तरी परिचित आहे. १८५८ साली जन्मलेल्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या ह्या कन्येचे बालपण तीर्थोतीर्थी पुराणे सांगण्यात गेले. श्रोत्यांना संस्कृत समजो अथवा न समजो, श्रवणानेच पुण्य लागते ह्या श्रद्धेवर त्या पुराणकथनाचा सारा व्यवहार चालत असे, हे त्यांनी स्वतःच्या निवेदनात नमूद करून ठेवले आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. आणि पुढे १८९६-९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत व गुजरात येथून आणलेल्या अनाथ मुलींनी त्यांचे केडगावचे मुक्तिसदन इतके भरून गेले की तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली. एका बाईने, कोणतेही संस्थान वा सरकार पाठीशी नसता, एवढ्या तोंडांना रोज अन्न पुरवावे, हाच प्रार्थनेवरील एक प्रबंध आहे. पण तो विषय निराळा.

१९०५ च्या आरंभी रमाबाईंनी आपल्या मुलींपुढे एक विनंती ठेवली. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्ता येत होत्या. कन्या मनोरमाबाई ऑस्ट्रेलियास जाऊन तेथील प्रार्थनामंडळांची हकिकत घेऊन आल्या होत्या. तेव्हा हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा म्हणून ज्यांना रोज एकत्र प्रार्थना करावीशी वाटेल त्यांनी यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सुमारे सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. आणि जूनच्या अखेरीस एका रात्री मुलींच्या निजण्याच्या खोलीत जे घडले त्याची हकिकत रमाबाईंच्या सहकारी, अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवली आहे. एक मुलगी आपल्यावर अग्नी उतरल्याच्या जाणिवेने जागी झाली; दुसरीने पाहिले तो तिला ज्वाळाच दिसल्या, म्हणून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार इतक्यात हा पेटलेला अग्नी नव्हे असे तिच्या ध्यानी आले. ह्या हकिकतीतील अग्नीविषयी ज्याने त्याने आपापले मत ठेवावे. मला त्या बादलीवर विश्वास वाटतो. भोळ्या भाविकाने रचलेल्या कथेत बादली आली नसती.

त्यानंतर संध्याकाळच्या उपासनेत रमाबाई आपल्या नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असता मुली एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, इतक्या मोठ्याने की बाईंना बोलणे थांबवावे लागले. शेकडो कंठ एकाच वेळी, प्रत्येकीचे निराळे, कोणी रडते आहे, कोणी चोरीची कबुली देते आहे, कोणी भांडलेल्या मैत्रिणीची क्षमा मागते आहे. हे दिवसेंदिवस चालले. पुढे १९०६ च्या सुमारास काही मुली अनोळखी भाषांत प्रार्थना करू लागल्या. ह्या प्रकारावर टीका झाली, आणि ती परक्यांनीच केली असे नव्हे. कित्येक मिशनऱ्यांनाही तो निव्वळ उन्माद वाटला.

रमाबाई स्वतः अनोळखी भाषेत बोलल्याचा दाखला नाही. तथापि त्यांनी त्या मुलींना गप्प केले नाही, आणि माझ्या दृष्टीने ह्या साऱ्या प्रकरणातील खरी थोरवी येथे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, भारतीय माणसावर आत्मा उतरेल तर तो भारतीय स्वभावाला अनुरूप अशा रीतीनेच व्यक्त होईल. रडणे, ओरडणे, नाचणे हे पाश्चात्त्यांना अशोभनीय वाटते म्हणून ते आमच्याकडेही वर्ज्य ठरविण्याचा अधिकार त्यांना नाही. जिने दुष्काळात आईबाप मरताना पाहिले आणि जिला रडावयाला सवडही मिळाली नाही अशी पोर पाच-सात वर्षांनी, पोटभर अन्न आणि डोक्यावर छप्पर मिळाल्यानंतर, प्रथमच मोकळेपणी कण्हू लागली, तर तिला उन्मादी ठरविण्यापूर्वी पौलाचा आठवा अध्याय पुन्हा वाचावयास नको काय? मात्र बाईंनी कसोटी सोडली नाही. त्या पाहत होत्या ते उद्या सकाळचे वर्तन. मुली पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत सेवेस जातात की नाही, चोरलेली वस्तू परत येते की नाही. ह्या कसोटीस जे उतरले त्याला त्यांनी आत्म्याचे कार्य म्हटले, आणि जे उतरले नाही ते ओसरून जाऊ दिले.

केडगावची ही घटना घडली तेव्हा लॉस एंजेलिस येथील अझुसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध सभा सुरू व्हावयास अजून नऊ-दहा महिने अवकाश होता. त्या सभा १९०६ च्या एप्रिलात सुरू झाल्या, आणि जगभर पसरलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम बहुधा तेथे दाखविला जातो. त्या उगमाच्या कहाणीत केडगावचे नाव घ्यावे लागते हे इतिहासकार आता मान्य करू लागले आहेत. आत्म्याच्या ह्या अनुभवाविषयी एब्रम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका चिलीमधील वाल्पाराइसो येथे विलिस हूव्हर नावाच्या मिशनऱ्याच्या घरी पोहोचली, आणि १९०९ साली तेथे जी जागृती झाली तिच्यातून दक्षिण अमेरिकेतील एक मोठी ख्रिस्ती परंपरा उभी राहिली. दौंड तालुक्यातील एका माळरानावरचा उसासा पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर जाऊन पोहोचला.

आत्म्याच्या प्रेरणेची प्रार्थना सर्व ख्रिस्ती लोकांत अशीच असते असे मात्र कोणी समजू नये. नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे जाण्याची वाट तुकोबांच्या अभंगांतून सापडली, आणि १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला टाळ, भजन आणि कीर्तन दिले. आपली वाणी आपली नव्हे हे तुकोबांनी परोपरीने सांगितलेलेच आहे, त्यामुळे आत्म्याच्या प्रेरणेची कल्पना टिळकांना नव्याने शिकावी लागली नसावी. सतराव्या शतकात इंग्लंडात निघालेला क्वेकर पंथ तर निःशब्द बसून वाट पाहतो. कोणाला आतून प्रेरणा झाली तर तो बोलतो, नाही झाली तर मंडळी तशीच उठून घरी जातात. रोमन कॅथलिकांत १९६७ सालापासून अमेरिकेत सुरू झालेले करिस्मॅटिक नवचैतन्य पुढच्या दशकात आपल्याकडेही आले.

डहाणूचा स्वतःचा ख्रिस्ती इतिहासही एकरंगी नाही. १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. तलासरीस जेझुइटांचे ज्ञानमाता सदन आहे. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी येथे अमेरिकन ब्रेदरन मिशनने ठाणे दिले. १७०८ साली जर्मनीत उदयास आलेला हा पंथ छापील प्रार्थनापुस्तकावर विसंबत नाही. त्याच्या प्रीतिभोजनाच्या वेळी लोक एकमेकांचे पाय धुतात. आणि याकोबाच्या पत्रातील आज्ञेप्रमाणे आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना केली जाते. ह्या मिशनच्या मंडळ्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की तेल लावून प्रार्थना करणाऱ्या ह्याच लोकांनी डहाणूस दवाखानाही चालविला. त्यांना तेल आणि औषध यांत वैर दिसले नाही. अलीकडे मंडप घालून, ध्वनिक्षेपक लावून, आत्म्याच्या नावाने रोग बरे करण्याची जाहिरात करणारे, आणि भोळ्या माणसाला गोळ्या बंद करावयास सांगणारे जे कोणी निघाले आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. परंतु कायद्यापूर्वी त्यांनी डहाणूच्या त्या जुन्या मिशनऱ्यांचे दप्तर चाळावे अशी माझी शिफारस आहे. ज्या वाऱ्याची वेळ जाहिरातीत छापता येते तो पंख्याचा वारा.

रमाबाईंच्या आयुष्याचा शेवटचा कालखंड मात्र आरडाओरड्यापासून फार दूर, हिब्रू आणि ग्रीक कोशांच्या सहवासात गेला. प्रचलित मराठी बायबल संस्कृत शब्दांनी इतके जड झाले आहे की खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती (हे वाक्य प्रस्तुत लेखाच्या भाषेत लिहिताना मला थोडा संकोच होतो), म्हणून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत एकटीने भाषांतर आरंभिले. अर्थ न कळता पुण्य देणाऱ्या पोथीवर वाढलेली, आणि अर्थ न कळणाऱ्या भाषांत प्रार्थना करणाऱ्या मुलींना आसरा देणारी ही पंडिता अखेर सतरा-अठरा वर्षे झटली ती अर्थ कळावा म्हणून. मजकुराची छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी केली.

असे सांगतात की, प्रकृती ढासळल्यावर त्यांनी देवाजवळ दहा दिवसांची मुदत मागितली, कारण मुद्रिते तपासावयाची राहिली होती. हा अगदी साधा, स्वच्छ मजकुराचा, मुदत नमूद केलेला अर्ज. मुद्रिते तपासून झाली, आणि १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेला झोपेतच त्यांचे देहावसान झाले. पुस्तक १९२४ साली बाहेर पडले.